खांदेरीचा दिवा सारखा विझतो का?

भाड्याची_सायकल

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी सहकुटुंब अलिबागजवळच्या वरसोलीला मुक्काम होता. रात्री जेवणं उरकून किनाऱ्यावर पाय मोकळे करायला गेलो. नेमकी वीज गेलेली, त्यामुळे अंधार अगदी गुडुप. समोर समुद्रात, जरा उजव्या हाताला, एक दिवा लुकलुकत होता. जिथे उतरलो होतो त्या काकू म्हणाल्या, ती खांदेरीची बत्ती. माझी लेक आठ वर्षांची. ती बराच वेळ टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, हा दिवा बिघडलाय. सारखा विझतोय. कुणीतरी सांगा ना त्यांना."

"अगं, दीपगृह असंच असतं," म्हणून मी वेळ मारून नेली. पण असंच का असतं ते मलाही धड सांगता येईना. जहाजांना दिसावा म्हणून दिवा लावायचा, तर मग मधेमधे विझवायचा कशाला?

दुसऱ्या दिवशी थळहून होडी करून बेटावर गेलो. तटबंदी, लोखंडी गाड्यांवरच्या तोफा, वेताळाचं देऊळ, आणि दगडाने ठोकला की भांड्यासारखा वाजणारा तो खडक (लेकीने अर्धा तास तोच वाजवला, होडीवाल्याने हाक मारली तेव्हा कुठे थांबली). या सगळ्याच्या डोक्यावर उभं ते दीपगृह.

तर विचारायचं असं. दिवा विझतो का? शिवकाळातल्या किल्ल्यावर हे बांधकाम कुणी आणि कधी केलं? इंग्रजांनी खुन्नस म्हणून तर नाही ना? आणि आता होडीहोडीवर जीपीएस असताना याचा उपयोग काय? हा शेवटचा प्रश्न होडीवाल्या दादांना विचारला होता. ते हसले आणि "आहे ना उपयोग" एवढंच म्हणाले.

घरबसल्या_पंडित

उपयोग काही नाही. जीपीएस आल्यापासून दीपगृह म्हणजे सेल्फी पॉइंट. आपल्या करांच्या पैशावर दिवे लावायचे आणि वर पगार द्यायचे. बंद करा आणि तिथे कॅफे काढा.

बखरवाला

पंडित, तुमचा प्रतिसाद कुठल्याही धाग्यावर चालतो, म्हणून तो बाजूला ठेवतो. सायकलदादा, किल्ल्यापुरतं मी सांगतो, दिव्याचं जाणकार सांगतील.

खांदेरी बांधायला घेतली १६७९ च्या पावसाळ्यात. महाराजांनी काम सोपवलं मायनाक भंडारी यांच्याकडे. मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा आला तो किल्ल्यामुळे नाही, जागेमुळे. मुंबई बंदरात शिरणारं किंवा तिथून दक्षिणेला निघालेलं प्रत्येक जहाज या बेटावरून दिसतं. इथे मराठ्यांचं ठाणं बसलं की आपली प्रत्येक हालचाल त्यांच्या नजरेखाली, हे त्यांना पहिल्या दिवशीच कळलं. म्हणून त्यांनी गलबतं आणून बेटाची नाकेबंदी केली. तरी रात्रीच्या अंधारात मराठ्यांच्या लहान होड्या थळच्या बाजूने सामान पोचवतच राहिल्या. मोठी गलबतं वाऱ्याची मिंधी, आणि या होड्या वल्ह्यांवर चालणाऱ्या, उथळ पाण्यात कुठूनही निसटणाऱ्या. १८ ऑक्टोबर १६७९ ला दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांवर चाल केली, त्यात त्यांचं 'डव्ह' नावाचं गुराब (लढाऊ जहाज) मराठ्यांच्या हाती लागलं. इंग्रज कप्तान केग्विनच्या 'रिव्हेंज' जहाजाने मात्र दाद दिली नाही. शेवटी जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी नाद सोडला. त्याच सुमारास सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, म्हणजे डोकेदुखी संपली नाहीच. पुढे आंग्र्यांच्या काळात १७१८ मध्ये इंग्रजांनी पुन्हा खांदेरीवर हल्ला केला आणि पुन्हा हात हलवत परत गेले.

दीपगृह आहे १८६७ चं. खुन्नस वगैरे काही नाही. कापसाच्या तेजीने मुंबईचं बंदर फुगलेलं होतं, सुएझचं काम चाललेलं होतं (कालवा उघडला १८६९ मध्ये), आणि दक्षिणेकडून रात्री येणाऱ्या जहाजाला 'इथून पुढे मुंबई' हे सांगणारं काहीतरी हवं होतं. जी जागा १६७९ मध्ये बंदरावर नजर ठेवायला उत्तम होती, तीच १८६७ मध्ये बंदराच्या नजरेला पडायलाही उत्तम ठरली. एवढंच. मला स्वतःला ते दीपगृह तिथे खुपत नाही. उलट त्यापायी बेटावर माणसांचा वावर राहिला. वावर नसलेल्या उंदेरीची काय दशा आहे ती होडीतून दिसलीच असेल.

बाकी, १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्र्यांचं नाव दिलं, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे १२ किल्ले गेले त्यात खांदेरी आहे. थळचे लोक मात्र अजून खांदेरीच म्हणतात.

दिवाबत्ती

उशिरा लिहितोय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, घरचे स्क्रीनसमोर फार वेळ बसू देत नाहीत. पण हा प्रश्न दिसल्यावर राहवेना. मी पस्तीस वर्षं दीपगृहांवर नोकरी केली, कोकणात आणि कोकणाबाहेरही. खांदेरीला माझी बदली कधी झाली नाही, त्यामुळे तिथलं आतलं मी सांगणार नाही. ज्या दीपगृहाची गोष्ट पुढे सांगतोय त्याचं नावही मुद्दाम लिहीत नाही. कारण पुढे कळेलच.

आधी तुमच्या लेकीला माझा नमस्कार सांगा. आठव्या वर्षी जे तिला दिसलं ते मोठ्यांना दिसत नाही. पण तिचं निदान बरोबर उलटं आहे. विझत नाही तो दिवा बिघडलेला.

किनाऱ्यावर रात्री दिवे काय कमी असतात? हॉटेलं, मोबाइलचे टॉवर, देवळाच्या शिखरावरचा बल्ब, होड्यांवरचे दिवे. त्यात आणखी एक पांढरा दिवा नुसता जळत ठेवला, तर समुद्रातून बघणाऱ्याला तो कुठला हे कसं कळणार? दिवा दिसून भागत नाही. कोणता दिवा ते कळायला लागतं. म्हणून प्रत्येक दीपगृहाला एक चाल नेमून दिलेली असते. आमच्या कामात तिला कॅरेक्टर म्हणायचे. कुणाचा एकच झोत आणि मग अंधार, कुणाचे लागोपाठ दोन झोत आणि मग अंधार, कुणाचे तीन. आणि हा सगळा फेरा किती सेकंदांनी पुन्हा सुरू होतो, तो आकडा. शेजारशेजारच्या दिव्यांची चाल कधी सारखी ठेवत नाहीत. समुद्राच्या नकाशावर दीपगृहाच्या खुणेशेजारी ही चाल छापलेली असते, शिवाय दिव्यांच्या यादीचं वेगळं पुस्तक असतं. खलाशी घड्याळ हातात धरतो, मोजतो, पुस्तक बघतो: हां, हा अमुक. म्हणजे तो उजेडापेक्षा अंधारच जास्त मोजत असतो.

आता दुसरी गंमत. आमच्या वेळचा दिवा मुळात विझतच नसे. आत ज्योत संध्याकाळपासून सकाळपर्यंत सलग जळायची. फिरायचं ते तिच्याभोवतीचं भिंग. भिंगाचा फुगीर भाग तुमच्या समोर आला की झोत दिसतो, तो पुढे सरकला की तुम्हाला अंधार. म्हणजे दिवा विझत नाही, दुसऱ्या कुणाकडे तरी बघायला लागतो. (हल्लीचे एलईडीचे दिवे खरोखर चालू-बंद होतात, ते वेगळं.)

ते भिंग लेकीला कुठे बघायला मिळालं तर जरूर दाखवा. ओगुस्तँ फ्रेनेल नावाच्या फ्रेंच इंजिनियरची करामत आहे. साधं गोल भिंग एवढ्या आकाराचं करायचं तर काचेचा डोंगर लागेल, आणि तो स्वतःच अर्धा उजेड गिळेल. त्याने काय केलं, भिंगाचा बाहेरचा बाक तेवढा ठेवला आणि आतली काच काढून टाकली. मधे एक डोळा, त्याभोवती काचेची कडी, एकाबाहेर एक. त्यांच्या वर आणि खाली लोलकांच्या पट्ट्या, म्हणजे छताकडे आणि जमिनीकडे वाया जाणारा उजेडसुद्धा वळून क्षितिजाच्या रेषेत जातो. १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात हे पहिल्यांदा बसवलं. सगळ्यात मोठ्या, पहिल्या दर्जाच्या भिंगात ज्योतीपासून काचेचं अंतर ९२० मिलिमीटर, म्हणजे आत माणूस उभा राहून काचा पुसू शकतो. मी पुसल्या आहेत. दिवसा मात्र भोवती पडदे ओढायचेच. विसरलं तर तेच भिंग उन्हाचा झोत करून आतल्या सामानावर टाकतं आणि डाग पाडतं. नव्या पोराला पहिला दम यावरूनच मिळायचा.

एवढं टनावारी वजन फिरतं कसं? पाऱ्यावर. खाली गोल कढई, तिच्यात पारा, त्यावर भिंग तरंगतं. एका बोटाने ढकललं तरी हलतं. तो पारा मळला की आम्ही गाळायचो, उघड्या हातांनी, तासन्‌तास त्याच खोलीत बसून. आता त्याबद्दल वाचतो तेव्हा अंगावर काटा येतो. तेव्हा आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं.

दिवा म्हणाल तर रॉकेलचा. पंप मारून रॉकेल वर चढवायचं, त्याची वाफ करायची आणि ती मेंटलवर जाळायची. वरातीत डोक्यावर घेतात त्या गॅसबत्तीचा थोरला भाऊ समजा. आमच्याही आधीच्या काळात तर तेलवातीच होत्या. मद्रासच्या जुन्या दीपगृहात खोबरेल तेलाचे दिवे जळत. आणि भिंग फिरवायला घड्याळासारखं यंत्र. मनोऱ्याच्या मधल्या पोकळीत साखळीला वजन टांगलेलं, ते हँडल मारून वर ओढायचं, मग ते हळूहळू उतरताना भिंग फिरवतं. तळाला पोचायच्या आत पुन्हा हँडल. रात्रीची झोप ही दोन हँडलांच्या मधली.

आता ती गोष्ट.

नारळी पौर्णिमा होऊन चारेक दिवस झालेले, होड्या नुकत्या पाण्यात उतरलेल्या. जोडीदार तापाने फणफणून खाली झोपलेला. रात्री दोनच्या सुमाराला यंत्रात कडकड असा आवाज झाला आणि साखळी अडकली. भिंग थांबलं. ज्योत जळतेय, पण झोत जागच्या जागी रोखलेले. म्हणजे काही होड्यांना सलग दिवा दिसतोय आणि बाकीच्यांना काळोख. मी गिअर सोडवला आणि भिंग हाताने फिरवायला लागलो. आमच्या दिव्याची चाल दर १५ सेकंदांना एक झोत. भिंगाला चार बाजू, म्हणजे मिनिटाला एक फेरा. डाव्या हातात एचएमटीचं घड्याळ, उजवा हात भिंगाच्या चौकटीवर. खालून बर्नरची धग, काचेवर पावसाचे फटकारे. सकाळी सव्वासहापर्यंत चाललो. किती फेरे झाले असतील त्याचा हिशोब तुम्हीच करा. उजेड झाल्यावर लॉगबुकात लिहिलं: यंत्र बंद, हाताने चालवलं, चाल राखली. आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो.

दुपारी गावातला एक म्हातारा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, टेकडी चढून वर आला. हातात केळीच्या पानात गुंडाळलेले चार बांगडे. जोत्यावर बसला, पाणी प्याला, विडी पेटवली, पावसापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "काल बत्ती घाईत होती काय?"

मी म्हटलं, कशावरून?

म्हणाला, "मी जाळं ओढताना तिच्यावरच आकडे म्हणतो. पंधराला येते. काल बारालाच यायची. पोराला म्हटलं, आपण वाऱ्याने वाहवत दुसऱ्याच बत्तीसमोर आलो की काय. मग थांबलो उजाडेपर्यंत. खडकाकडे नाय गेलो."

म्हणजे मी घाबरून हात जास्त चालवला होता. घड्याळ समोर होतं, पण तीन-साडेतीन तासांनी डोळे आकड्यांवर ठरत नव्हते आणि हात आपल्याच लयीत पळत होता. आणि तो माणूस समुद्रात, काळोखात, माझी चूक मोजत बसला होता. बांगडे दिले आणि गेला. त्याने कुठे तक्रार केली नाही. लॉगबुकात 'चाल राखली' तसंच राहिलं. म्हणून दीपगृहाचं नाव लिहीत नाही.

पंडितसाहेब, एक तुमच्यासाठी. दीपगृहांचा खर्च तुमच्या करातून होत नाही. बंदरात येणारी जहाजं त्यासाठी वेगळी फी भरतात, तिला लाइट ड्यूज म्हणतात. १९२७ च्या कायद्यापासून ही व्यवस्था आहे, आता २०२१ चा नवा कायदा आलाय. कॅफे काढायला आमची हरकत नाही, फक्त त्याचा बोर्ड लुकलुकता ठेवू नका.

डोळ्यात औषध घालायची वेळ झाली. जीपीएसच्या शेवटच्या प्रश्नाचं कुणीतरी दर्यावरच्या माणसाने लिहा.

तांडेलाचा_नातू

काका, तुमचा तांडेल आमच्या आजोबांसारखाच दिसतोय. आमचं घर मुंबईकडचं, कोळीवाड्यातलं. आजोबा कुठल्याच दीपगृहाला दीपगृह म्हणायचे नाहीत. कुलाब्याचं ते 'दांडी'. (अलिबागचा कुलाबा नव्हे, मुंबईचा.) पाण्यात एकटं उभं असलेलं, लाल-पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचं जे प्रॉंग्स दीपगृह आहे, १८७५ चं, ते. त्याच्या आधी कुलाब्याच्या जमिनीवर जुनं दीपगृह होतं, दांडी हे नाव त्याच्यापासूनचं. दिवा पाण्यात गेला, नाव त्याच्या मागोमाग गेलं. मोठ्या ओहोटीला खडकावरून चालत त्याच्याजवळ जाता येतं, पण भरतीचं गणित चुकलं तर परत येता येत नाही, म्हणून वाचून कुणी जाऊ नका.

त्या पट्ट्यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. त्या शोभेला नाहीत. रात्री झोतांवरून ओळखायचं तसं दिवसा रंगावरून. दुपारच्या धुरकट हवेत मागच्या इमारतींत पांढरा मनोरा मिसळून जाईल, पट्ट्यांचा मिसळत नाही.

जीपीएसचं म्हणाल तर आमच्याही बोटीवर आहे, आणि नाही कशाला म्हणू, त्याच्याशिवाय आता कुणी लांब जात नाही. जिथे मासा लागतो तो पॉइंट आम्ही सेव्ह करून ठेवतो. आजोबांकडेही तोच पॉइंट होता, पण तो असा: दांडी अमक्या टेकडीच्या पोटात आली आणि खांदेरी उंदेरीला चिकटली की जाळं टाकायचं. दोन वस्तू एका रेषेत आल्या की एक रेघ, दुसऱ्या दोन एका रेषेत आल्या की दुसरी रेघ, जिथे छेदतात तिथे आपण. शाळेत भूमिती न शिकलेला माणूस रोज हे करायचा. आणि त्याचा पॉइंट कुणाला चोरता यायचा नाही. माझा पॉइंट मेव्हण्याने मशीन बघून घेतला, आता दोघांची जाळी एकाच जागी.

एकदा परत येताना बॅटरी उतरली. मशीन काळं, मोबाइलला रेंज नाही. वडील म्हणाले, बत्ती शोध. मी दिव्यांच्या गर्दीत बघत बसलो आणि मला एकही ओळखता आली नाही, कारण मी आयुष्यात कधी मोजलंच नव्हतं. वडिलांनी वर न बघता आकडे म्हटले आणि सुकाणू वळवलं. त्या दिवसापासून मी मोजतो. होडीवाले दादा हसले ते बहुतेक याच कारणाने. एवढं सगळं पर्यटकाला कुठे सांगत बसणार?

सेकंड_मेट

मालवाहू जहाजावर आहे, सध्या सुट्टीवर घरी सांगलीला. (समुद्रापासून इतकं लांब घर असलेला दर्यावर्दी म्हणून जहाजावर माझी टिंगल होते.)

जीपीएस चूक करतं तेव्हा ते सांगत नाही की मी चूक करतोय. आकडे तितक्याच ठामपणे दाखवत राहतं. काही समुद्रांत तर मुद्दाम त्याच्यात गडबड केली जाते. स्क्रीनवर आमचं जहाज चक्क विमानतळावर उभं असलेलं मी स्वतः पाहिलंय. म्हणून किनारा दिसायला लागला की ब्रिजवरच्या (जिथून जहाज हाकतात तिथल्या) माणसाने डोळ्यांनी पडताळा घ्यायचा असतो. दोन दिव्यांच्या दिशा होकायंत्रावर घ्यायच्या, नकाशावर रेघा ओढायच्या. कोळीदादांच्या आजोबांचीच पद्धत, फक्त आमच्याकडे पेन्सिल असते.

शिवाय आताचं दीपगृह म्हणजे नुसता दिवा राहिलेला नाही. काही ठिकाणी रॅकॉन असतो, म्हणजे आमच्या रडारचा इशारा पोचला की तो उत्तर देतो आणि रडारच्या पडद्यावर त्या जागी मोर्समधलं एक अक्षर उमटतं. धो धो पावसात दिवा दिसला नाही तरी अक्षर दिसतं. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यालगतच्या जहाजांवर लक्ष ठेवायला जी साखळी उभी केली, तिची यंत्रंही ७४ दीपगृहांवरच बसवली. उंच, मोकळी, वीज असलेली आणि राखण असलेली जागा आणखी कुठे मिळणार? बखरवाल्यांनी १६७९ चं जे लिहिलंय तेच झालं की पुन्हा.

आता लेकीसाठी एक खेळ. पृथ्वी गोल असल्यामुळे दिवा कितीही प्रखर असला तरी एका अंतरापलीकडे तो क्षितिजाखाली जातो. हिशोब सोपा आहे. दिव्याच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ, अधिक बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीचं वर्गमूळ, गुणिले २.०८. उत्तर सागरी मैलांत. समजा दिवा समुद्रापासून ३६ मीटरवर आहे आणि मी ब्रिजवर २५ मीटरवर. ६ अधिक ५, म्हणजे ११, गुणिले २.०८, साधारण २३ सागरी मैल. सुमारे ४२ किलोमीटर. तोच दिवा होडीत बसलेल्याला, डोळे पाण्यापासून १ मीटरवर, साडेचौदा मैलांवरून दिसेल. हवा स्वच्छ असेल आणि दिव्यात तेवढी ताकद असेल तर.

दिवा वर यायच्या आधी क्षितिजामागे त्याचा उजाळा दिसतो, गावच्या जत्रेचा लांबून दिसतो तसा. मग अचानक ठिणगी वर येते. तो दिवा अगदी क्षितिजाच्या काठावर आहे की नाही हे बघायला आम्ही गुडघे वाकवतो. वाकलो की गायब, उभा राहिलो की हजर, म्हणजे तो नेमका काठावर आणि वरच्या हिशोबातलं अंतर खरं. रात्री दोन वाजता युनिफॉर्म घातलेला अधिकारी एकटाच उठाबशा काढतोय असं ते दृश्य असतं. आमच्या कॅप्टननी पहिल्यांदा मला तसं करताना पाहून विचारलं होतं, कसली शिक्षा चाललीय?

घरबसल्या_पंडित

लाइट ड्यूजचं माहीत नव्हतं. कॅफेचं मागे घेतो. सेल्फी पॉइंटवर ठाम आहे.

भाड्याची_सायकल

सगळ्यांचे आभार. दिवाबत्ती काका, तुमची गोष्ट लेकीला झोपताना सांगितली. तिने पहिला प्रश्न विचारला, त्या आजोबांनी बांगडे का दिले, बत्ती तर चुकली होती ना? मला उत्तर सुचलं नाही.

काल संध्याकाळी पुन्हा तिकडे गेलो, या वेळी खास मोजायला. तिने वही आणि माझं हातातलं घड्याळ घेतलं. वाळूत बसून, टॉर्चच्या उजेडात आकडे लिहीत होती. तिचा आकडा आणि माझा आकडा एका सेकंदाने वेगळा आला, त्यावरून आमचं भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. मग मेटसाहेबांचं वाचून दोघांनी उठाबशाही काढून पाहिल्या. दिवा गायब झाला नाही. आपण फार जवळ आहोत हे तिने मला समजावून सांगितलं.

तर काका, कुणाचं बरोबर? मोजायला सुरुवात नेमकी कुठून करायची?

दिवाबत्ती

बांगडे का दिले ते मला आजही ठाऊक नाही. त्या म्हाताऱ्याला विचारायला हवं होतं, तेव्हा सुचलं नाही.

मोजायचं असं. झोत संपल्यापासून नाही, झोत उमटतो तिथून सुरू करायचं आणि पुढच्या फेऱ्यातला तोच झोत उमटला की थांबायचं. लागोपाठ दोन झोत असतील तर पहिल्यापासून पहिल्यापर्यंत. नवी माणसं पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत मोजतात आणि तिथेच घोळ होतो. आणि एकाच फेऱ्यावर भांडू नका. घड्याळाचं बटण दाबायला बोट उशीर करतं, मोठ्यांचं जास्त. सलग दहा फेरे मोजायचे आणि दहाने भागायचं. आम्हीही तपासताना तसंच करायचो.

टॉर्च मात्र बंद ठेवायला सांगा. वहीकडे बघून वर बघितलं की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. एकाने फक्त बघायचं आणि "आला" म्हणायचं, दुसऱ्याने फक्त घड्याळ धरायचं. बघायला तिला ठेवा.

यादीतला आकडा आधी बघू नका. मोजून झाल्यावर मग बघा, आणि कुणाचा बरोबर आला ते इथे कळवा.